सहाव्या ओळीपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना कापडी तक्ता आहे. पण जन्माने मी पिठाची गोणी. शाळेतल्या मुलांच्या पावासाठी सपाटीवरून पीठ यायचे, त्यातल्या एका रिकाम्या गोणीची शिवण तेओफिलो मास्तरांनी उसवली, ओढ्याच्या गार पाण्यात मला तीनदा धुतले, आणि निलगिरीच्या दोन काठ्यांमध्ये ताणून शाळेच्या भिंतीवर टांगले. चुलीवरच्या भांड्याची काजळी खरवडून त्यांनी काळा रंग केला. निवडुंगावरचे किडे वाटून लाल केला. मग माझ्या अंगावर सहा ओळींत सहा स्पॅनिश क्रियापदे उतरली: हवे असणे, शकणे, झोपणे, हरवणे, आठवणे, आणि सगळ्यांत शेवटी, परतणे.

ही सगळी हट्टी जात. शेपटी तर कुठल्याही क्रियापदाची बदलते, पण यांच्या पोटातला स्वरही जागचा हलतो. ‘मी’, ‘तू’, ‘तो’, ‘ते’ म्हटले की तो फुटतो, एकाचे दोन होतात. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ म्हटले की पुन्हा अख्खा. म्हणून मास्तरांनी प्रत्येक ओळीत चार शब्द लाल रंगवले, दोन काळे. आमच्या डोंगरात सगळ्यांची घरची भाषा केचुआ. मुलांची जीभ या फुटलेल्या स्वरांवर ठेचकाळायची आणि बाजारच्या गावातली माणसे त्यांना हसायची. मास्तरांना ते हसणे सहन होत नसे.

मास्तर आठवडाभर शाळा घेत आणि रविवारी देवळात स्तोत्रे सांगत. गळा असा, की ते मारियामातेचे स्तोत्र धरायचे तेव्हा शेजारच्या शाळेत भिंतीवर टांगलेल्या मलाही कंप सुटायचा. त्यांनी माझ्या सहाही ओळी त्याच स्तोत्राच्या चालीवर बसवल्या. ‘किएरो, किएरेस, किएरे’, म्हणजे मला हवे, तुला हवे, त्याला हवे, असे संथ, लांबवत. मुले हां हां म्हणता शिकली. माझे कौतुक झाले. वरच्या वाडीचे मास्तर मला पाहायला आले आणि माझी नक्कल करून घेऊन गेले. मित्रांनो, त्या दिवसांत मला फार अभिमान वाटायचा. तो लपवत नाही.

एका हिवाळ्यात मुलांच्या मागच्या बाकावर आकिलिना येऊन बसू लागली. पंचेचाळिशीची बाई, हातांना बटाट्याच्या शेताची माती, अक्षर एकही येत नाही. पहिल्याच दिवशी शेजारीण बासिलिया दारातून डोकावली.

“काय गं आकिलिना, दात पडायच्या वयात शाळा?”

“पडू देत दात,” आकिलिना म्हणाली. “जीभ आहे ना अजून.”

“जीभ तर तुझी पहिल्यापासूनच लांब आहे बाई.”

मुले हसली, आकिलिनाही हसली. पण ती का येते, हे गावात सगळ्यांना ठाऊक होते. तिची मुलगी नेलिदा पाच वर्षांची असताना तिने तिला लिमाला धर्ममातेच्या स्वाधीन केले होते. आमच्याकडे ही रीतच आहे. बाप्तिस्म्याला जिने हात धरला, तिच्या घरी लेकरू शिकते, चार माणसांत येते. नेलिदा शिकली. तिथे केचुआला कुणी विचारत नाही, म्हणून केचुआ विसरली. आता सोळाव्या वर्षी ती प्रथमच ऑगस्टच्या जत्रेला गावी येणार होती.

“मास्तर, मला एवढंच विचारता आलं पाहिजे,” आकिलिना म्हणाली, “की तू परततेस का?”

“मी विचारतो की तिला. त्यात काय आहे?”

“नको. हे विचारायला दुसऱ्याचं तोंड नको.”

मग ती शिकली. वाचता येत नसल्यामुळे कानाने शिकली. ओळ कुठे वळते, लाल कुठे संपते, हे तिने बोटाने माझ्या अंगावर चाचपून ठेवले. पण एक गोष्ट मास्तरांच्या लक्षात आली नाही, किंवा आली तरी त्यांनी हसण्यावारी नेली. स्तोत्र मधूनच उचलायचे नाही, ही देवळातली शिस्त तिच्या हाडांत भिनलेली. ‘तू परततेस’ कसे म्हणशील, असे त्यांनी विचारले की ती पहिल्या ओळीपासून सुरू करायची. पाच ओळी गाऊन झाल्यावर सहावीत, ‘बुएल्बो’ म्हणजे ‘मी परतते’च्या पुढे, तिला तिचा शब्द सापडायचा: बुएल्बेस.

“लांबून आलीस गं,” मास्तर म्हणायचे. “पण पोचलीस ना, झालं तर.”

जत्रा आली. नेलिदा आली. तीन दिवस बँड, नाच, उकडलेला मका, चीज, पाहुण्यांची वर्दळ. आई लेकीच्या ताटात बटाटे वाढायची, लेक हसून मान हलवायची. मधे नेलिदाचे काका दुभाषे. गर्दीत आकिलिनाला ओळी सापडत नव्हत्या. चौथ्या दिवशी सकाळी तिने मास्तरांकडून शाळेची किल्ली मागून घेतली आणि मुलीला हाताला धरून माझ्यासमोर आणून उभे केले. मास्तर देवळात मूर्ती उतरवण्याच्या गडबडीत होते. खाली रस्त्यावर लिमाच्या गाडीपर्यंत नेणारा ट्रक उभा होता. पुढचा ट्रक आठवड्याने.

आकिलिनाने बोट माझ्या पहिल्या ओळीवर ठेवले. तिला लाज वाटत होती, म्हणून शब्द ओठांतच ठेवले. चाल तेवढी बाहेर येत होती. तिने ठरवले असावे, की आपला शब्द आला की तोंड उघडायचे.

नेलिदाने चाल ओळखली. लिमाच्या घरीही धर्ममाता हे स्तोत्र म्हणायची. आमच्या गावातून कुणी निघाले, की आई त्याच्यासाठी प्रार्थना म्हणते आणि ती चालू असताना मधे बोलायचे नसते. एवढे एक मुलीला आठवत होते. तिने डोक्यावरची टोपी काढली, छातीवर क्रूस केला, मान खाली घातली.

दुसरी ओळ झाली. तिसरी झाली. ट्रकचा भोंगा वाजला. चौथीच्या मध्यात पुन्हा वाजला, आणि ड्रायव्हर ओरडला, “ए लिमावाली, येतेस की जाऊ?”

नेलिदाने आईच्या शालीचे टोक उचलून ओठांना लावले आणि स्पॅनिशमध्ये हळूच म्हणाली, “आई, मी निघते. तू पुरी कर, माझ्यासाठी अर्धी नको सोडूस.”

आकिलिनाला त्यातले ‘आई’ तेवढे कळले. ती थांबू शकत नव्हती. थांबली असती तर पुन्हा पहिल्यापासून. तिचे बोट माझ्यावर धावू लागले, नख कापडात रुतत होते. मुलगी आवाज न करता, चवड्यांवर, दाराबाहेर गेली.

पाचवी ओळ. सहावी.

आकिलिना वळली आणि मोठ्याने म्हणाली, “तू बुएल्बेस?”

उच्चार अगदी स्वच्छ होता. फुटायचा तो स्वर बरोबर फुटला होता. दारात ऊन होते, आणि खाली वळणावर धूळ.

दोन महिन्यांनी पत्र आले. मास्तरांनी ते वर्गातच वाचून दाखवले. नेलिदाने लिहिले होते, आईला सांगा, तिची प्रार्थना मला पोचली, मी ती रोज आठवते.

“उत्तर नाही का त्यात?” आकिलिनाने विचारले.

“कशाचं उत्तर?”

“काही नाही,” ती म्हणाली.

त्यानंतर ती शाळेत आली नाही. नेलिदाही गावात आली नाही. आणखी एक पत्र आले, मग पत्रेही बंद झाली. मास्तरांची बदली झाली. नव्या बाईंनी चकचकीत छापील तक्ता आणला आणि मला उतरवले. आता मी एका कोठीत बियाण्याच्या बटाट्यांवर पांघरलेला असतो. लाल रंग कधीच उडाला आहे, त्यामुळे फुटणारे शब्द कोणते आणि अख्खे कोणते, हे माझे मलाही सांगता येत नाही.

मित्रांनो, मला धुऊन पुन्हा टांगा, असे मी म्हणत नाही. टांगून काय होणार? माझे मागणे वेगळे आहे. तुमच्यासमोर कुणी शब्द शोधत उभे असेल, फार लांबून, पहिल्या ओळीपासून येत असेल, तर ते पोचेपर्यंत थांबा. गाडी जाते आहे, तर जाऊ द्या.