चाळीस फ्रेमवर

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी जालन्यात स्टेशनजवळची वीज गेली आणि साजिदभाईंच्या कॉम्प्युटरच्या दुकानातला डेस्कटॉप बंद पडला. पाच वाजता ज्योत्स्नाची निवड चाचणी होती. पुण्याच्या एका ऑनलाइन गेम संघात एकच जागा होती. चाचणीतले दोन्ही सामने जिंकले तर ती जागा तिची.

वडीगोद्रीहून ती सकाळीच आली होती. स्वतःचा लॅपटॉप आणि दुकानातला डेस्कटॉप शेजारी ठेवून तिने दोन्हींवर एकच गेम चालवून पाहिला. सुरुवातीला दोन्ही सेकंदाला एकशेवीस फ्रेम, म्हणजे एकशेवीस चित्रं, देत होते. मग लॅपटॉप तापला आणि साठीवर घसरला. डेस्कटॉपच्या मोठ्या पेटीत हवा खेळती होती. तो एकशेवीसवरून हलला नाही. तिने डेस्कटॉप निवडला.

"चाचा, इन्व्हर्टर?"

"मशीन हाय, बॅटरी न्हाई." साजिदभाईंनी मान खाजवली. "अजमतच्या पोरीचं लगीन हाय. मांडवात लाइटीला दिली. गल्लीत कुणाचंबी लगीन असू दे, माझी बॅटरी वऱ्हाडात."

"तिकडं वरात, इकडं माझी मय्यत!"

"अशुभ बोलू नको बेटा. जल्दी घेऊन येतो."

"नवरीला अंधारात बसवून?"

"अजून उजेड हाय. दिसती नवरी."

ते मोटारसायकलवर गेले. ज्योत्स्नाने लॅपटॉप उघडला. बॅटरीवर तो साठही देईना. कधी पंचावन्न, कधी पंचवीस. समोर शत्रू आला की चित्र अडखळे. तिने सावल्या, धूर, पाण्याची चमक बंद केली आणि फ्रेमची मर्यादा चाळीसवर बांधली. चित्र भकास झालं, पण अडखळायचं थांबलं. खालून हवा जावी म्हणून तिने लॅपटॉप दोन खोक्यांवर टेकवला. नेट मोबाइलवरून घेतलं.

पहिला सामना ती एका गुणाने जिंकली. तेवढ्यात साजिदभाईंचा फोन आला.

"बॅटरी सोडवली. पर जेवल्याबिगर कुणी जाऊ देऊन न्हाई राह्यलं."

"जेवा मंग. पहिला जिंकले मी."

"लॅपटॉपवर? बॅटरीवर?"

"चाळीस फ्रेमवर. बराबर चाळीस, एक कमी न्हाई."

पलीकडे ते कुणाला तरी ओरडून सांगत होते, "ताट राहू दे, पोरगी जिंकून राह्यली!"

साडेपाचला दुसरा सामना अर्ध्यावर आला. गुण बरोबरीत होते. लॅपटॉपची बॅटरी एकतीस टक्क्यांवर होती, साजिदभाई मांडवातून निघाले होते आणि वीज आलेली नव्हती.