सात नंबरची बाटली

चमक मोजणाऱ्या यंत्राचा काटा ऐंशीवर थांबायला हवा होता. तो एकसष्टावर थांबला. वच्छलाने काचेची नळी पुसून पुन्हा आत ठेवली. एकसष्ट. तिसऱ्यांदा साठ.

पद्धत साधी होती. पाण्यात रंगद्रव्याचे दोन थेंब टाकायचे आणि त्यावर अतिनील प्रकाश सोडायचा. पाणी स्वच्छ असेल तर ते हिरवट चमकतं. तणनाशकाचा अंश असेल तर चमक मंदावते. आदिलाबादच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवता शिकवता तिने वांकिडीकडच्या बारा विहिरींचं पाणी आणलं होतं. अकरा नमुने ऐंशीच्या आसपास राहिले. सातवा तिच्या वडिलांच्या, डोमाजींच्या विहिरीचा होता.

वहीत तिने लिहिलं, 'नमुना सात : बाटली अस्वच्छ, वगळला.' ती बाटली तिने स्वतः आम्लाने धुतली होती. नमुना घेताना विहिरीकाठच्या थारोळ्यावर, पाण्याच्या दगडी कुंडीवर, फवारणीचा पंप पालथा घातलेला तिने पाहिला होता आणि त्याबद्दल काही विचारलं नव्हतं.

हापशीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, म्हणून शेजारच्या सोजरबाई त्याच विहिरीचं पाणी प्यायला-रांधायला नेत. आदिलाबादला सकाळी नळाखाली कळशी लावली की वच्छलाला त्यांची घागर आठवे. असे पाच आठवडे गेले. सहाव्या रविवारी ती एसटीने गावी आली.

डोमाजी थारोळ्यावर पंप धूत होते. बांधावर गवताचं औषध, म्हणजे तणनाशक, मारून झालं होतं. उद्या त्याच पंपाने कपाशीवर अळीचं औषध मारायचं होतं.

"तिसरी खेप आहे," ते म्हणाले. "मागच्या साली न धुता मारलं अन् कपाशी जळली. तवा तूच सांगितलं, 'बाबा, पंप तीनदा धुवा.' तवापासून एक बी खेप चुकवली नाई."

पंपातलं फेसाळ पाणी फुटक्या थारोळ्यातून झिरपत विहिरीच्या कडेला जिरत होतं. तीनदा धुवा, एवढंच तिने सांगितलं होतं. कुठे, ते सांगितलं नव्हतं.

पलीकडे पाणी भरायला आलेल्या सोजरबाईंनी दोर ओढला. "आली का वं मास्तरीण? काऊन अशी वाळून गेली? तिकडचं पाणी मानवत नाई वाटते तुले." घागर भरून त्यांनी तांब्या पुढे केला. "घे. आपल्या इहिरीचं आहे."

वच्छलाने तांब्या हातात घेतला. पाणी नितळ दिसत होतं. डोळ्यांना ते तसंच दिसणार, हे तिच्याइतकं तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. डोमाजी लेकीकडे कौतुकाने पाहत होते.

तिने तांब्या जमिनीवर ओतला.

"मावशी, घागर सांडून द्या," ती म्हणाली. "या इहिरीत गवताचं औषध उतरलं आहे. पंप धुवाले मीच सांगितलं होतं. अन् पाच आठवड्यांपासून मले हे ठाऊक आहे."