जयवंताचा चौथा ब्रेक

साजगावच्या कारखान्यात जयवंताच्या कानी हा एकच इंग्रजी शब्द सदैव पडत असे. चहाची सुट्टी म्हणजे ब्रेक, यंत्र थांबविण्याचा दांडा म्हणजे ब्रेक. आणि सात महिने भरताच कामगारास घरी बसवून पंधरवड्याने पुन्हा नवखा म्हणून घेणे, त्यासही ब्रेकच म्हणत. त्यामुळे कोणीही कधी कायम होत नसे.

तीन वर्षांत चौथ्यांदा हजेरी ठेवणारे टाइमकीपर हसत म्हणाले, "जयवंता, उद्यापासून तुला ब्रेक दिलाय. मजा आहे तुझी! भात लावून ये."

जयवंताच्या मस्तकात तिडीक उठली.

"ब्रेक मंजी काय, सायेब? मराठीत सांगा."

"अरे, ब्रेक म्हणजे ब्रेक. सगळ्यांना कळतं."

"मला नाय कळत. कामावरनं काडलं, असं लिवून द्या. कागद घेऊन मी कोर्टात जातो."

टाइमकीपरांचे हास्य तत्काळ मावळले.

"काढलं कोण म्हणतंय तुला? लिहून काही मिळणार नाही."

"नाय ना काडलं? मंग उद्या सात वाजता मी यंत्रावर हाय," जयवंता गरजला, "आनि मला उठवायला तुमी सोता या!"