दोन बोटांची फट

एखादं काम नीट करायला दीड दिवस लागत असेल आणि भागवून न्यायला दोन मिनिटं, तर आपण काय करतो हे वाचकहो, तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. टेबल डुगडुगलं की आपण पायाखाली कागदाची घडी सारतो आणि मोकळे होतो. टेबलापुरतं ते चालून जातं. ही गोष्ट माणसाच्या गालाशी सारलेल्या घडीची आहे.

एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर किरणोपचाराचा विभाग होता. किरण कुठून आणि किती सोडायचे याची आखणी करणाऱ्या भौतिकतज्ज्ञांच्या हाताखाली तिथे एक मदतनीस होती. दोन वर्षं झाली तरी सगळे तिला ‘नवी’ म्हणत, कारण तिच्यानंतर कुणाला घेतलंच नव्हतं. तिचं मुख्य काम मास्क बनवण्याचं. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी ती रुग्णाच्या चेहऱ्यावर ओढून बसवायची. दहा मिनिटांत ती त्याच्या नाकाडोळ्यांच्या आकाराची होऊन कडक व्हायची. मग रोज तोच मास्क चढवून रुग्णाला टेबलाशी जखडायचं, म्हणजे डोकं सरकत नाही आणि किरण गाठीवरच पडतात.

त्या वर्षी टेलरमास्तर आले. गाठ नाकाच्या पोकळीत, उजव्या डोळ्याला अगदी लागून. डावा डोळा लहानपणापासून अधू. त्यांचं मागणं एकच होतं, की गाठीचं काय ते करा, पण सुईत दोरा ओवायला हा डोळा ठेवा. भौतिकतज्ज्ञ साहेबांनी दोन दिवस खपून तशी आखणी केलीही. डोळ्याची नस किरणांतून थोडक्यात वाचवली होती. तीस दिवसांचे उपचार ठरले.

चौदाव्या दिवसापर्यंत मास्तरांना घास गिळवेनासा झाला. गाल आत गेले. टेबलावर पडल्या पडल्या ते नवीला म्हणाले, “बाई, हे ढिलं झालंय. गालाशी दोन बोटं जातात.”

मशीन चालवणारे दोघे हसले. मास्तर, फिटिंगला पुढच्या आठवड्यात या, असं एकानं सुनावलं. मास्तरही हसले, पण त्यांनी मुद्दा सोडला नाही.

“चाळीस वर्षं मापं घेतोय मी. गिऱ्हाईक म्हणालं घट्ट होतंय, तर मी त्याला पोट आत घ्या म्हणत नाही. शिवण उसवतो. अंग बदललं की माप बदलावं लागतं.”

नवीनं बोट घालून पाहिलं. एक गेलं. दुसरंही गेलं. ती साहेबांकडे गेली. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, की नवा मास्क म्हणजे नवा स्कॅन, नवी आखणी, दीड दिवस मोडला, आणि बाहेर तीस जण खोळंबलेत. गालाशी गॉजची घडी घाल, किरण सोडण्याआधीचा एक्स-रे फोटो आखणीशी जुळला की झालं.

नवीनं घडी घातली. फोटो जुळला. रोजच्या तक्त्यात ‘मास्क घट्ट आहे का’ या रकान्यात तिनं ‘हो’ लिहून सही केली. पुढच्या आठवड्यात दुसरी घडी लागली, मग तिसरी. गॉज दबतं, फोटो निघाल्यावर डोकं हळूच कलतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी मास्तर पुन्हा बोलले, तेव्हा तीच वैतागली.

“मास्तर, तुम्ही हलू नका बरं. हललात तर नुकसान तुमचंच आहे.”

त्यानंतर मास्तरांनी तोंड उघडलं नाही. टेबलाच्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरून ते पडून राहत, इतके की बोटं पांढरी पडत. मशीनवाल्यांनी त्यांचं नाव ‘ढिले मास्तर’ पाडलं. त्यावर नवीही हसली होती.

आठ महिन्यांनी मास्तर तपासणीला आले, ते सुनेचा हात धरून. गाठ गेली होती. उजव्या डोळ्याला आता नुसता उजेड कळत होता. साहेबांनी सुनेला समजावलं, की अशा जागी हा धोका असतोच, फॉर्मवर सही आहे तुमची. गाठ गेली ना, मग आणखी काय हवं, असं एक मशीनवाला मास्तरांच्या देखत बोलला.

मास्तरांना फक्त नवीला भेटायचं होतं. तिचा आवाज आला तशी त्यांनी त्या दिशेला मान वळवली.

“बाई, तुम्ही रोज सांगत होता हलू नका म्हणून. मी कडा धरून पडायचो हो, पण हललोच असेन. तुमच्या कामावर बट्टा लागला. माफ करा मला.”

तो माणूस तिची माफी मागत होता! ज्याचा डोळा गेला तो, जिनं घडी सारली तिची! नवीला क्षणभर वाटलं, गप्प बसावं, तो समजतोय तसंच समजू द्यावं. इतकं सोपं होतं ते. पण पांढरी पडलेली ती बोटं तिच्या डोळ्यांसमोरून हलेनात.

“तुम्ही हलला नाहीत, मास्तर. मास्क ढिला होता. डोळा त्यानंच गेला की नाही, हे छातीठोक कुणी सांगणार नाही. पण दोन बोटं जात होती, आणि ते मला माहीत होतं.”

“घट्ट आहे असं कोणी लिहिलं?”

“मीच.”

सून रडायला लागली. मास्तर म्हणाले, “आठ महिने मी स्वतःला शिव्या देतोय. आता हे कागदावर लिहून द्या.”

क्षमा केली, असं ते म्हणाले नाहीत. नवीनंही ती मागितली नाही. तिनं सगळं लिहिलं, खाली सही केली आणि एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली. तिला मास्कच्या खोलीतून काढून फायलींच्या खोलीत बसवलं. तिच्याबरोबर चहाला जाणं सगळ्यांनी बंद केलं. चौकशी झाली आणि नियम निघाला, की दर सोमवारी आधी रुग्णाला विचारायचं, मग बोट घालून बघायचं, आणि दोन बोटं गेली तर मास्क नवाच करायचा. मशीनवाले या नियमाची टर उडवतात, पण पाळतात.

मास्तरांचं दुकान बंद झालं ते झालंच. शिलाई मशीन विकायला ते तयार नाहीत. रोज सकाळी त्यासमोर बसतात आणि हातानं चाक फिरवून बघतात.

वाचकहो, आपण सगळेच कुठे ना कुठे अशा रकान्यात सही करतो. समोरचा माणूस ढिलं झालंय म्हणाला, तर त्याला हलू नका असं सुनावू नये. आधी बोट घालून बघावं, आणि बोट आत गेलं, तर गेलं असंच लिहावं.