दुसऱ्यांदा बुडवलेली संत्री

मित्रांनो, मी एक जुनी तारेची टोपली आहे. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. काल तुमच्यातल्याच कुणीतरी माझ्यात चिखलाचे बूट कोंबले, तेव्हा मैत्रीबद्दल न बोललेलंच बरं.

मला एका वेल्डरने घडवलं. "ही जन्मात वाकणार नाही," असं तो छातीठोकपणे म्हणाला होता. मी एका भांडणात वाकले. तेच सांगते.

या घरात दोन जावा. मोठी जाऊ संत्री विकायची. एका उन्हाळ्यात तिच्या पेट्यांना बुरशी लागली आणि बाजारातल्या सगळ्यात मोठ्या फळवाल्याने ती संत्री भर दुकानात तिच्या पायांशी ओतली. लोक हसले. ते हसू तिच्या कानातून कधी गेलंच नाही.

मग धाकटी लग्न होऊन आली. फळं कशी टिकवायची हे ती कॉलेजात शिकली होती. घरामागच्या शेडमध्ये तिने कॉर्नफ्लोअरची पातळ खळ शिजवली, त्यात जरासं मेण आणि दालचिनीच्या तेलाचे मोजके थेंब घोटले. पोटात गेलं तरी चालेल असंच सगळं. तेल बुरशीला जवळ येऊ देत नाही आणि वाळलेला थर फळातलं पाणी उडू देत नाही. मी संत्री पोटाशी घेऊन एक डुबकी मारायची, निथळायची, पंख्याखाली बसायची. शेजारणी येऊन फळं हुंगायच्या आणि जाताना म्हणायच्या, "टोपली मात्र छान मिळाली हो तुम्हाला." असं आता कुणी म्हणत नाही.

दोघींचं मात्र पहिल्या दिवसापासून पटलं नाही. मोठीला थर कधी पुरेसा वाटायचाच नाही.

"अजून एकदा बुडव."

"नको जाऊबाई. संत्र्याला श्वास घ्यावा लागतो."

"श्वास! उद्या म्हणशील, त्याला सर्दी झाली, वाफ द्या."

"तोडल्यावरही ते जिवंत असतं."

"तू मला शिकवू नकोस. मी संत्री विकत होते तेव्हा तू शाळेत डबा सांडत होतीस."

मित्रांनो, धाकटीचं खरं होतं. फळ हवा आत घेतं, बाहेर सोडतं. पातळ थरातून ते जमतं. थर जाड झाला की ते आतल्या आत गुदमरतं आणि आंबतं. आईने दोन स्वेटर चढवले तर कोपऱ्यावर वळून तुम्ही एक काढता. संत्र्याला स्वेटर काढता येत नाही.

त्याच फळवाल्याने शेवटी एक पेटी मागवली. बाजारात त्याला चाखूशेठ म्हणत, कारण चाखल्याशिवाय तो कशालाच हो म्हणत नसे. "ठेवून बघतो. टिकली तर सगळा हंगाम तुमचा," तो म्हणाला.

धाकटीने संत्री बुडवली, वाळत ठेवली आणि लेकीला ताप होता म्हणून घरात गेली. मोठी एकटी उरली. तिने एक संत्रं उजेडात धरून फिरवून पाहिलं. मग शेडचं दार लोटलं आणि सगळी संत्री पुन्हा माझ्यात भरली.

काही आठवड्यांनी चाखूशेठ पेटी घेऊन शेडमध्ये हजर झाला. फळं काय चकाकत होती! मोठीने धाकटीकडे मान ताठ करून बघितलं. चाखूशेठने एक सोललं, फोड तोंडात टाकली आणि दाराबाहेर जाऊन थुंकला.

"बाई, मी संत्री मागवली होती. दारू नाही."

"हिच्या तेलाचा वास आहे तो!" मोठी लगेच म्हणाली.

धाकटीने एक फळ उचलून नखाने खरवडलं. जाड पापुद्रा सुटून आला. "दोनदा बुडवलीत?"

"खळ उरली असती तर तीनदा बुडवली असती! तेव्हा माझ्या पायांशी ओतली होती, तुझ्या नाही!"

"मला सांगायचं होतंत."

"तुला? हसायला अजून एक माणूस कशाला?"

"तुमचं काय ते ठरवा आधी," म्हणत चाखूशेठ चालता झाला. हंगाम दुसऱ्याला गेला. मोठीने मला उचलून भिंतीवर आपटलं. माझी एक कड आत गेली. कुणी सरळ केली नाही.

मोठी वाईट नव्हती, असं शेवटी म्हणायचं असतं. मी म्हणणार नाही. ती घाबरली होती आणि ते तिने कुणाला कळू दिलं नाही. आता ती थर न देताच संत्री विकते. रोज संध्याकाळी अंगठ्याने दाबून मऊ पडलेली बाजूला काढते. ढीगभर निघतात. भिंतीपलीकडे धाकटी असते. तिला ढिगाचा वास येतो. एक हाक मारत नाही, दुसरी आपणहून येत नाही.

तेव्हा मित्रांनो, एखाद्याला खुशाल जपा, पण त्याला श्वास घेता येतोय ना, हे आधी बघा. आणि भीती वाटली तर शेजारच्या माणसाला सांगा. संत्र्याला बोलता येत नाही. तुम्हाला तोंड दिलंय ना?