पायाळूची लाथ

ठाणेदारसाहेब, ती लाथ बसली तेव्हा तुम्ही पहिल्या रांगेत खुर्चीवर होता, गळ्यात हार घालून. तुम्ही टाळी वाजवली.

रोहिणखेडजवळच्या त्या गावात सोमवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. कमरेत उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खायची, ही आपली जुनी रीत. भगवंतबुवानं त्या रितीचं दुकान मांडलं होतं. मी जन्मताना उलटा आलो, म्हणून रोगाले उलट्या पावली धाडतो, असं तो छाती ठोकून सांगे. आठ महिने कुबडीवर असलेल्या मोतीरामला त्यानं लाथ घातली अन् मोतीराम ताडताड चालत गेला. लोक बुवाची पायधूळ कपाळाला लावू लागले.

निवृत्तीनं ते पाहिलं अन् त्याची अक्कल गहाण पडली. त्याच्या बायकोला, आशाबाईला, पोटुशी असताना आठव्या महिन्यापासून खुब्यात कळ होती. बाळंतपणानंतर बुलढाण्याच्या डॉक्टरनं एक्स-रे काढून सांगितलं होतं की खुब्याचं हाड विरळ झालंय. ते आपसूक भरेल, पण पाच-सहा महिने त्या पायावर भार टाकायचा नाही. लेकरू दोन महिन्यांचं, रान निंदायला आलेलं. निवृत्तीला धीर कुठला?

त्यानं तिथंच आशाबाईला गर्दीतून पुढं ओढलं; ती नको नको म्हणत होती. त्यानं तिचे दोन्ही हात मागून धरले. बुवानं तिची कुबडी भिरकावली, दोन पावलं मागं सरला अन् खुब्यावर टाच हाणली. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला.

"निघाली पीडा," बुवा म्हणाला. गर्दीनं जयजयकार केला.

आशाबाई मातीत पडून गुरासारखी हंबरत होती. पाय बाहेर वळून आखूड झाला होता. पीडा जाता जाता चावतेच, असं म्हणून बुवानं दुसरी लाथ घातली.

डॉक्टरनं नवा फोटो उजेडाला धरला. खुबा मोडला होता.

"मोतीरामलाही हाच आजार होता," ते म्हणाले. "त्याचं हाड मागच्या महिन्यातच भरलं, मी फोटोत पाहिलंय. हा आजार वेळ घेऊन आपला आपण जातो. तोवर हाड जपायचं, एवढंच औषध. हिचं हाड अजून कच्चं होतं."

निवृत्तीनं तडक जाऊन मोतीरामची गचांडी धरली.

"मी तं पंधरा दिवसांपासून घरात चालूनच राह्यलो होतो बे," मोतीराम चाचरला. "बुवा म्हणे, सोमवारपावतर कुबडी सोडू नको, नाहीतं पीडा परत येते."

एवढाच चमत्कार. बरा झालेला माणूस चौकात आणून बरा केला. बाबांनो, जो बरा झाला त्याला आधी विचारा, कधीपासून बरा आहेस. अन् दुखऱ्या हाडाला लाथ नको, विसावा द्या.

निवृत्ती फिर्याद द्यायला तुमच्या ठाण्यात आला. श्रद्धेची बाब आहे, घरी जा, असं तुम्ही म्हणालात. तो हलला नाही.

"हात म्या धरले, साहेब. तो गुन्हा माह्या नावावर लिहा. लाथ कोणाच्या नावावर लिहिता, ते सांगा."