मुहूर्तावर आलेला नवरदेव

आमच्याकडे लग्नाचा मुहूर्त पत्रिकेत छापायचा असतो, पाळायचा नसतो. बारा वीसचा मुहूर्त असला की नवरदेव बारा वीसला मारुतीच्या पारापाशी घोड्यावर बसतो, आणि तिथून मांडवापर्यंतच्या हाकेच्या अंतरात त्याचे मित्र दोन तास नाचतात. पाहुणे उपाशी, भटजी वैतागलेले, नवरीचा मेकअप उतरलेला. या प्रकाराला मी आजवर प्रत्येक लग्नात नावं ठेवली. माझ्या स्वतःच्या लग्नात मात्र माझा सगळा भरवसा त्याच दोन तासांवर होता, कारण बाराला मयूरीची मॅच सुरू होणार होती.

मयूरी माझी धाकटी बहीण. भारताच्या सोळा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल संघाची गोलकीपर, तीही राखीव. आशियाई स्पर्धेसाठी संघ व्हिएतनामला निघाला तेव्हा तीच म्हणाली होती, की तू लग्न उरकून घे, मी तिथं नुसतं बाकड्यावर बसणार. आणि ऐन स्पर्धेत पहिल्या गोलकीपरचं बोट मोडलं. मला हळद लागत होती तेव्हा तिचा फोन आला.

"ताई, आते मीच खेळसू. माले भलतंच भ्याव वाटी ऱ्हायनं. तू देखशी ना?"

"देखसू ना! लगीन गयं चुल्हामां," मी म्हणाले. आईने हळदीच्याच हाताने माझ्या पाठीत धपाटा घातला.

तर लग्नाच्या दिवशी बाराच्या ठोक्याला मी शालू नेसून, आतल्या खोलीला कडी लावून मोबाईलसमोर बसले. मयूरी एवढीशी दिसत होती. पहिला बॉल तिच्याकडे आला तो तिने हातातून सोडला आणि परत धरला, तेव्हा माझाच जीव वरखाली झाला. दुसरा मात्र झकास पोटाशी घेतला. आता कुठे मी पाठ टेकली, तोच आईने दार बडवलं.

"ऊठ वं भाविका! नवरदेव दारमां वना!"

मला ती थट्टाच वाटली. डीजेचा आवाज नाही, फटाका नाही. खिडकीतून पाहिलं तर भाग्येश खरंच मांडवाच्या तोंडाशी उभा, शहाणा मुलगा शाळेत वेळेवर पोचतो तसा. आचाऱ्याचा भात अजून चुलीवर चढला नव्हता, काका बनियनवर फिरत होते, भटजी तर हार घातलेला मुलगा बघून दचकलेच. पुरुषोत्तमनगरहून आलेलं वऱ्हाड मुहूर्ताआधी दारात! गावाच्या इतिहासात असं झालं नव्हतं.

माझी होणारी नणंद ममता हसत हसत आत आली. "वहिनी, भाऊनी डीजेच बंद कया. तुमले मॅच देखनी शे ना, म्हनीसन आम्हीन लवकर वनात. लगीन लावा नि बठा निवांत देखत!"

माझ्या तोंडून जे निघालं ते नव्या नणंदेसमोर काढायचं नसतं. इतका चांगला माणूस आणि इतका उफराटा मुहूर्त! भावी नवऱ्याचा एकाच वेळी राग आला आणि कौतुकही वाटलं.

पाटावर उभी राहिले. मध्ये अंतरपाट, पलीकडे भाग्येश, माझ्या मागे पाठीराखे हेमराजमामा. रीत म्हणून त्यांनी माझ्यामागे उभं राहायचं होतं, आणि माझी आज्ञा म्हणून हातात मोबाईल धरायचा होता. पण मामांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही.

"जिना हातमां मोजा शेतस तीच आपली ना?" ते माझ्या कानात कुजबुजले.

"तीच. काय करी ऱ्हायनी?"

"उभी शे."

दुसऱ्या मंगलाष्टकानंतर प्रमिलामामींनी माईक ताब्यात घेतला. नात्यातल्या प्रत्येक लग्नात त्या स्वतः रचलेलं म्हणतात आणि लोक माईक काढून घेण्याची वाट बघतात. सासरच्या माणसांची नावं गुंफत गुंफत त्या दुसऱ्या कडव्यात शिरल्या, आणि मामा एकदम म्हणाले, "पंचनी शिट्टी मारी. सगळ्या पोरी बाजूले, आपली एकलीच उभी."

पेनल्टी! मी भर मांडवात नवरदेवाकडे पाठ फिरवली.

मयूरी हात पसरून उभी होती. समोरची मुलगी धावत आली, मयूरी डावीकडे झेपावली आणि बॉल उजवीकडून आत गेला. व्हिएतनामच्या मुली नाचायला लागल्या. मयूरी गोलच्या रेषेवर बसली, गुडघ्यांत तोंड घालून. तिच्याजवळ कोणीच गेलं नाही. लहानपणी बाभळीचा काटा रुतला की ती अशीच बसायची, आणि तिला उठवायला मी असायचे. मला राहवेना. मामींच्या हातातल्या माईकशी तोंड नेऊन मी ओरडले,

"मयूरे! ऊठ! ऊठ वं माय, बठू नको!"

मामींचं कडवं अर्ध्यावरच तुटलं. सासूबाई उभ्याच राहिल्या. मला लाज वाटली नाही, नुसतं रडू येत होतं. एवढ्या लांब माझा आवाज पोचणार नव्हता, हे मलाही कळत होतं. तरी मयूरीने डोळे पुसले, उठली, जाळ्यातला बॉल काढला आणि मैदानाच्या मध्याकडे जोरात फेकला.

"काय व्हयनं?" अगदी जवळून आवाज आला. भाग्येश अंतरपाटाखालून वाकून माझ्या बाजूला आला होता. मुंडावळ्या एका कानाशी लोंबत होत्या. ज्यांनी अंतरपाट धरला होता ते तो तसाच धरून उभे होते, पलीकडे कोणी नसताना.

"गोल बसना," मी म्हणाले.

"पोरीले लागनं तं नही ना?"

"नही. उठनी ती."

त्याने मामांच्या हातातला मोबाईल घेऊन आम्हा दोघांच्या मध्ये धरला.

"मुहूर्त टळतोय," भटजी म्हणाले.

"टळू द्या, महाराज. आपलाकडे कोठे पाळतस?" भाग्येश पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला. "मामी, तुम्ही काब्रं थांबन्यात? आखो म्हना. चांगलं लांबडं म्हना."

मामींना आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी असा आग्रह केला होता. प्रमिलामामींनी घसा खाकरला, पदर सावरला आणि पहिल्या कडव्यापासून सुरुवात केली.